दहा ग्रानींचा उजेड

सोर एव्हारिस्तोंनी जन्मभर ट्राम चालवली, पण कुठे वेळेवर पोचायची घाई त्यांना कधी नव्हती. त्यांची ट्राम आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून जायची. दुपारच्या फेरीला ते बरोबर तिथे ट्राम थांबवायचे, खिडकीतून मान बाहेर काढायचे आणि दुसऱ्या मजल्याकडे बघून ओरडायचे, "ए आर्जेंती, पाणी ठेव उकळायला!" वरून बायकोचा हात हलला की ट्राम पुढे. एखादा उतारू कुरकुरला तर म्हणत, "बाबा रे, घरी जाऊन गिजगोळा झालेला पास्ता खायला तुला आवडेल का? मग मलाच का?" हे आमच्या तेस्ताच्चो मोहल्ल्यातल्या कुठल्याही उतारूला पटायचं. कारण घरी जाऊन जेवायचं तर त्यालाही असायचं.

हे मी नुसतं ऐकलेलं. मी रोमला आले तेव्हा सोर एव्हारिस्तो निवृत्त होऊन सांता सोफ्रोनियाच्या चर्चची देखरेख करत होते. मेणबत्त्या खरवडणं, घंटा वाजवणं, फादरांचा चष्मा शोधणं, अशी कामं. मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका वृद्ध मास्तरीणबाईंची काळजी घ्यायला राहते. आमची खिडकी आतल्या चौकावर उघडते, त्यामुळे चौकात जे काही होतं ते ऐकावं लागतं, इच्छा असो वा नसो.

इथे वयस्कर पुरुषाला सोर म्हणतात, बाईला सोरा. हाक मारताना मात्र नावाचं शेपूट तोडून टाकतात. एव्हारिस्तोचा होतो एव्हारी, ओत्ताव्हिओचा ओत्ता. आणि चौकात सकाळी कोंबडा नव्हे, तर हीच दोन नावं आरवायची.

सोर ओत्ताव्हिओ म्हणजे सोरा आर्जेंतिनांचे सख्खे भाऊ, अर्थात एव्हारिस्तोंचे मेव्हणे. जुन्या कत्तलखान्यात ते वायरमन होते. बायको वारल्यापासून तळमजल्यावर एकटे राहतात, गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत. त्यांची खिडकी खाली आणि एव्हारिस्तोंची वर, समोरासमोर. उजाडलं की दोघं खिडक्या उघडणार, आणि खिडकी उघडली की तोंड. कुठल्या साली बर्फ पडला, कुठल्या खेळाडूचा कुठला पाय मोडला, मटणात रोझमेरी आधी की नंतर. विषय नसला तर विषय का नाही यावर भांडायचे.

पण या भांडणाला वर्षातून एकदा कुलूप लागायचं. सान जोव्हान्नीचा सण, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा, चोवीस जूनला येतो. आदल्या संध्याकाळी रोममध्ये गोगलगायी खायची जुनी रीत आहे. गोगलगायीला शिंगं असतात आणि शिंगं म्हणजे भांडण, म्हणून ज्याच्याशी वर्षभर शिंगं लावली त्याच्याच शेजारी बसून ती शिंगं खाऊन टाकायची. पोटात गेलं ते भांडण मिटलं. नाही खाल्लं, तर ते पुढचं वर्षभर अंगाला चिकटतं, आणि सोरा आर्जेंतिनांच्या म्हणण्याप्रमाणे दुप्पट होतं. हे दोघं एव्हारिस्तोंच्या लग्नाच्या वर्षापासून दर साली शेजारी बसून खात आले होते. पहिला घास एकमेकांकडे न बघता, दुसरा बघून, तिसऱ्याला ओत्ताव्हिओ म्हणणार, "मीठ कमी आहे," आणि सगळं सुरळीत.

त्या वर्षी ते नाणं आलं.

झालं असं, की एव्हारिस्तो आजाऱ्यांच्या यात्रागाडीबरोबर सेवेकरी म्हणून फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थाला गेले. काम होतं चहा वाटायचं आणि चाकाच्या खुर्च्या ढकलायचं. तिथल्या चढावर उन्हात हे स्वतःच चक्कर येऊन पडले. ज्यांची खुर्ची ते ढकलत होते त्या आजीबाई उठल्या, यांना खुर्चीत बसवलं, आणि माल्टाचे सरदार म्हणवणाऱ्या जुन्या धार्मिक संघातल्या एका म्हाताऱ्या सरदारांनी ती खुर्ची तंबूपर्यंत ढकलली. निघताना त्याच सरदारांनी धीर द्यायला म्हणून यांच्या हातात एक डबी ठेवली. आत त्यांच्या राज्याचं स्मारक नाणं. काशाचं, दहा ग्रानींचं. एका बाजूला आठ टोकांचा क्रूस, दुसऱ्या बाजूला सान जोव्हान्नींचं मुंडकं, राजानं कापून ताटात ठेवायला लावलेलं.

या सरदारांच्या राज्याला झेंडा आहे, राजदूत आहेत, टपाल आहे, फक्त जमीन नाही. आमच्यापासून चढण चढलं की त्यांचा बंगला लागतो. बाहेर दाराच्या भोकाला डोळा लावून पोपच्या चर्चचा घुमट बघायला माणसं रांगेत उभी असतात. तेस्ताच्चोतल्या कुणाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण एव्हारिस्तोंना वाटलं. त्यांनी ती डबी जेवणघरातल्या कपाटावर, लग्नाच्या फोटोच्या पुढे ठेवली. सोरा आर्जेंतिनांचा अर्धा चेहरा डबीमागे गेला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली आणि विषय तयार होता.

"ए ओत्ता! माझ्याकडे एका राज्याचं नाणं आहे!"

"कुठल्या राज्याचं?"

"सरदारांच्या."

"त्यांचं राज्य कुठे आहे, दाखव की."

"जमीन नाही त्यांना. तरी राज्य आहे. राज्याला जमीन लागतेच असं कुणी सांगितलं? तुला तरी कुठे जमीन आहे? भाड्यानंच राहतोस ना!"

"राहतो! पण मी नाणी पाडत बसत नाही!"

मास्तरीणबाई आतून हसल्या आणि मला म्हणाल्या, "खिडकी नीट उघड गं, हे चांगलं आहे."

वसंतभर हेच चाललं. एव्हारिस्तो म्हणायचे, स्कूदो हे मोठं नाणं, त्याचे बारा तारी, तारीचे वीस ग्रानी, सगळा हिशोब शेकडो वर्षांचा आहे. ओत्ताव्हिओ म्हणायचे, हिशोब कशाला, मोजायला दुकान कुठे आहे? शेवटी एका सकाळी त्यांनीच पैज लावली.

"सान जोव्हान्नीच्या गोगलगायी ताटात पडेपर्यंत या तुझ्या नाण्यानं तेस्ताच्चोत एक वस्तू विकत घेऊन दाखव. लसणाची पाकळी चालेल. घेतलीस, तर सगळ्या मोहल्ल्यासमोर त्या नाण्याला सलाम ठोकीन. नाही जमलं, तर तू सगळ्यांसमोर म्हणायचं, हे नाणं नाही, बटण आहे."

"मंजूर!"

त्या दिवसापासून सोर एव्हारिस्तो नाणं खिशात घालून बाजारात फिरू लागले. कॉफीवाल्यानं ते उलटंपालटं केलं, दातानं चावलं आणि परत दिलं. भाजीवाल्या सोरा देल्फिनांनी चष्मा लावला.

"हे मुंडकं कुणाचं?"

"सान जोव्हान्नींचं."

"ताटात?"

"ताटात."

"सोर एव्हारिस्तो, सकाळी सकाळी! अजून बोहनी नाही झाली माझी. घ्या, हे जर्दाळू घ्या आणि जा."

"फुकट नको. नाणं ठेव आणि विकत दे."

"मी विकत नाही. प्रेमानं देतेय."

"प्रेमानं नको म्हणतोय ना मी!"

जर्दाळू तिथेच राहिलं आणि दोघांची नाराजी तेवढी बरोबर आली. वर्तमानपत्रवाला, तंबाखूवाला, चांभार, सगळीकडे हीच कथा. प्रत्येक जण काहीतरी फुकट द्यायला तयार, विकायला कुणीच नाही. एव्हारिस्तो सुकत चालले. ओत्ताव्हिओ रोज खिडकीतून विचारायचे, "काय, पाकळी मिळाली का?"

या सगळ्यात सोरा आर्जेंतिनांच्या कमरेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फार दुखायची बिचारीची. रात्री डोळा लागत नसे, पहाटे जरा लागला की हे दोघे कोंबडे सुरू. जिन्यात भेटल्या की एक हात कमरेवर, एक कठड्यावर. "काय सांगू गं," म्हणायच्या, "मी त्या दोघांच्या मध्ये राहते. एकाची बहीण, एकाची बायको. आगगाडीच्या फाटकासारखी. दोन्हीकडून भोंगे."

मग तेरा जूनला, सान अंतोनियोच्या दिवशी, चर्चमध्ये ते घडलं.

सांता सोफ्रोनियाच्या उजव्या भिंतीवर योहानाच्या शिरच्छेदाचं मोठं चित्र आहे. इतकं काळवंडलेलं की अंधारात जल्लादाचा फक्त एक पाय दिसतो. खाली भिंतीला एक पेटी आहे. तिच्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, चित्र जरा वेळ दिसतं, आणि 'टक' होऊन पुन्हा पाय उरतो. इथल्या बऱ्याच चर्चमधून असंच असतं. ही पेटी सोर ओत्ताव्हिओंनीच फार वर्षांपूर्वी बसवली होती आणि युरो आल्यावर तिची फट कानस लावून मोठी केली होती.

त्या संध्याकाळी जपमाळ संपवून मी उठले, तेव्हा दिवा लागलेला होता आणि सोरा आर्जेंतिना एकट्याच चित्राखाली बाकावर बसल्या होत्या. मी मेणबत्ती लावून आले, दिवा तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेच्या उपासनेला गेले, दिवा तसाच. जल्लादाचे दोन्ही पाय दिसत होते, शिवाय मागे एक कुत्रं होतं, जे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि त्याच दिवशी दुपारी सोर एव्हारिस्तोंनी नाणं पुसायला डबी उघडली. डबी रिकामी.

कपाट हलवलं, गालिचा झटकला, सान अंतोनियोला नवस बोलले, कारण हरवलेलं शोधून देणं हे त्यांचं खातं. मग खिडकी उघडली. त्यांनी जे ओरडायला नको होतं ते ओरडले.

"चोरा! पैज हरशील म्हणून नाणं चोरलंस माझं!"

खालच्या खिडकीत ओत्ताव्हिओ उभे होते, तुळशीला पाणी घालत. इथली तुळस, स्वयंपाकातली. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"माझ्या गुडघ्यांनी मी तुझ्या घराचा जिना बघून किती वर्षं झाली, माहितीय तुला," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, साध्या आवाजात. "या वर्षी गोगलगायी तू एकटाच खा." आणि खिडकी लावून घेतली. जूनच्या उकाड्यात.

दुसऱ्या सकाळी चौकात आवाज नाही. तिसऱ्या सकाळी नाही. मास्तरीणबाई मला म्हणाल्या, "कोण वारलं?"

इकडे चर्चमध्ये गर्दी वाढत होती. दिवा विझायचं नाव घेत नव्हता, आणि त्यात सोरा आर्जेंतिनांची कंबर दुखायची थांबली. त्यांनी ते भाजीवालीला सांगितलं, म्हणजे वर्तमानपत्रात छापून आलं असं समजा. बायका गुडघे, पाठी, जावई, जे दुखत होतं ते घेऊन चित्राखाली येऊन बसू लागल्या. कुणीतरी कुत्र्यापुढेही फुलं ठेवली.

फादर फियोरेन्झो चांगले माणूस, पण दिवसभर वीज कंपनीच्या काळजीत. "उजेड स्वर्गातून आला असेल," ते मला म्हणाले, "बिल तिथून येत नाही ना." मुख्य बटण बंद करावं तर त्याच तारेवर ध्वनिक्षेपक आणि घंटा. पेटीला हात लावावा तर बायका बाकांवरून उठून उभ्या राहतात. पेटी उघडणं जमणार फक्त ओत्ताव्हिओंना, आणि ओत्ताव्हिओ म्हणत, जिथे एव्हारिस्तो आहे त्या छपराखाली मी पाय ठेवणार नाही.

एव्हारिस्तोंना कळलं ते मेण खरवडताना. पेटीखाली वाकले होते, फटीत काहीतरी चमकलं. त्यांनी टॉर्च लावली. फटीत, दोन खटक्यांच्या मध्ये अडकून, ताटातलं मुंडकं त्यांच्याकडे बघत होतं.

पुढचं सगळं मला खुद्द एव्हारिस्तोंनीच नंतर सांगितलं. फादरांनी आजपर्यंत तोंड उघडलेलं नाही, हे आधीच सांगते.

आधी ते आनंदानं उडालेच. नाण्यानं उजेड विकत घेतला होता! लसणाची पाकळी कुठे, उजेड कुठे! पैज जिंकली! मग लक्षात आलं, की म्हणजे ओत्ताव्हिओ चोर नाही. आणि मग तिसरी गोष्ट लक्षात आली. पाठीमागच्या बाकावर त्यांची बायको बसली होती. ताठ, हात मांडीवर. एकही हात कमरेवर नाही. नाणं बाहेर काढलं तर दिवा जाणार, आणि दिवा गेला तर कंबर?

ते तडक पापनिवेदनाच्या खोलीत जाऊन गुडघ्यावर बसले. तिथे ऐकलेलं फादरांना कुणाला सांगता येत नाही, त्यावरून काही करताही येत नाही.

"फादर, मी पाप केलं. मेव्हण्याला चोर म्हणालो. माझं नाणं तर तुमच्या पेटीत अडकलंय, त्यामुळेच दिवा विझत नाही."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. मग फादर म्हणाले, "एव्हारिस्तो, हे तुला मला कॉफी पिताना नसतं सांगता आलं?"

"कॉफी पिताना सांगितलं असतं तर तुम्ही पेटी उघडली असती."

"आणि आता मला कळूनही मी काही करू शकत नाही."

"म्हणूनच इथे सांगितलं."

"बाहेर ये. कॉफी मी पाजतो. तिथे पुन्हा एकदा सांग."

"नाही, फादर."

"परमेश्वरा," फादर म्हणाले. तो प्रार्थनेचा भाग होता की नाही ते एव्हारिस्तोंना कळलं नाही. "बरं. प्रायश्चित्त म्हणून मेव्हण्याकडे जा आणि समेट कर. सान जोव्हान्नीच्या आत. नाहीतर ही क्षमा धरू नकोस."

आता सगळं त्या समेटावर अडलं. समेट गोगलगायींवर, आणि गोगलगायी दर वर्षी आणायचे ओत्ताव्हिओ. या वर्षी त्या एव्हारिस्तोंनी आणल्या. पोट साफ व्हावं म्हणून त्यांना काही दिवस कोंड्यात ठेवावं लागतं, ते ठेवलं. टोपलीवर झाकण ठेवलं. झाकणावर वजन ठेवायचं असतं, ते मात्र यांना ठाऊक नव्हतं, कारण वजन म्हणून आजवर ओत्ताव्हिओंची हत्यारांची पेटी असायची.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघाले तर माझ्या दाराच्या कडीवर एक गोगलगाय. जिन्याच्या कठड्यावर रांग. टपालपेट्यांवर प्रत्येकीला एक, जणू वाटप झालंय. चौकात सोर एव्हारिस्तो पायजम्यावर, हातात चाळणी, एकेक वेचत होते. आणि सगळ्यात धीट टोळी भिंतीवरून सरळ ओत्ताव्हिओंच्या खिडकीत पोचून तुळशीवर न्याहारी करत होती.

एव्हारिस्तोंनी स्टूल लावलं, वर चढले, खिडकीच्या कट्ट्यावर हात घातला. तेवढ्यात खिडकी उघडली.

"चोर," ओत्ताव्हिओ म्हणाले.

दोघांची नाकं वीतभर अंतरावर. वरच्या सगळ्या खिडक्यांत हळूहळू डोकी आली. मीही दूध विसरले.

"ओत्ता," एव्हारिस्तो म्हणाले, "मी माझ्या गोगलगायी घेतोय."

"माझ्या तुळशीवरून."

"तुझ्या तुळशीवरून. ओत्ता, ऐक. तू चोर नाहीस. मी गाढव आहे."

"ते मला माहीत आहे. आणि पैज?"

एव्हारिस्तो स्टुलावर हलले. सगळी इमारत ऐकत होती. ज्या माणसानं खरेदीच हवी म्हणून एक जर्दाळू फुकट घेतलं नाही, जो त्या वेळी पैज जिंकून बसला होता, तो चाळणी छातीशी धरून म्हणाला, "ते नाणं नाही. बटण आहे. तू जिंकलास. संध्याकाळी गोगलगायी खायला ये."

ओत्ताव्हिओंना हे इतकं अनपेक्षित होतं की त्यांना आनंदही करता आला नाही. "मोठ्यानं बोल," ते उगाच म्हणाले.

"बटण आहे!" एव्हारिस्तो ओरडले. मास्तरीणबाईंनी आतून टाळ्या वाजवल्या.

"मग आता ते आहे कुठे?"

सान जोव्हान्नीच्या आदल्या दिवशी खोटं बोलायची एव्हारिस्तोंची तयारी नव्हती, आणि खरं बोलायचीही नव्हती. "कामावर गेलंय," ते म्हणाले.

ओत्ताव्हिओंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेकडीच्या दिशेला चर्चकडे पाहिलं. वायरमन माणूस, डोक्यात तारा जुळायला वेळ लागला नाही. "थांब," म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर घेतो."

"नको, ओत्ता! आर्जेंतिनाची कंबर!"

पण ते निघालेच. काठी टेकत ओत्ताव्हिओ, मागे पायजम्यात एव्हारिस्तो, त्यांच्या मागे चाळणीतून निसटणाऱ्या गोगलगायी आणि त्यांच्यामागे आमची सगळी इमारत. चर्चमध्ये बाया बसलेल्याच होत्या, मध्ये सोरा आर्जेंतिना. पुढे हत्यार पाहून बाया उठल्या, पण आर्जेंतिनांनी हात वर केला. "बसा गं," म्हणाल्या. "माझा भाऊ आहे."

चार स्क्रू निघाले. ओत्ताव्हिओंनी आत बोट घातलं. टक. दिवा गेला. भिंतीवर जल्लादाचा एक पाय उरला, आणि सगळं चर्च हळहळलं. ओत्ताव्हिओंच्या तळहातावर दहा ग्रानी होते.

एव्हारिस्तो बायकोपुढे उभे राहिले. "आर्जेंती, दुखतंय का?"

"काय दुखतंय?"

"कंबर. दिवा गेला ना."

सोरा आर्जेंतिनांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्या शिजून गेलेल्या पास्त्याकडे बघतात. "कमरेचा आणि दिव्याचा काय संबंध?"

"लोक म्हणतात... चमत्कार..."

"लोक म्हणतात. मी म्हणाले का? नाणं मीच टाकलं त्यात. डबीतून काढून खिशात लपवलं होतं, तुम्हा दोघांची किरकिर थांबावी म्हणून. इथे आले तर पाकीट घरी. खिशात तेवढंच होतं. टाकलं, आणि सान जोव्हान्नींना म्हणाले, हे घ्या तुमचं मुंडकं, आणि माझं मला शांत राहू द्या. दुसऱ्या दिवशी एकदा 'चोरा' म्हणून ओरडलात, त्यानंतर चौकात कुणी ओरडलं नाही. मी झोपले. झोप झाली की कंबर दुखत नाही. तुम्हाला वाटलं काय?"

"मग रोज इथे येऊन का बसायचीस?" एव्हारिस्तोंनी विचारलं.

"गार आहे इथे. शिवाय नाणं माझं पडलं होतं, उजेड वाया का घालवू?"

फादर फियोरेन्झो खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वीज कंपनीचं बिल वाचलं म्हणून असेल.

मी मात्र त्या वेळी मनात क्रूसाची खूण केली. बाई एक नाणं घेऊन गेली, शांती मागितली, आणि तिला ती मिळाली. याला दुसरा शब्द मला येत नाही. पण हे मी बोलले नाही, कारण पुढचं ऐकायचं होतं.

ओत्ताव्हिओ नाणं बोटांत फिरवत होते. "एव्हारी. हे आत आहे हे तुला सकाळी माहीत होतं?"

"होतं."

"म्हणजे तू जिंकला होतास."

"होतो."

"मग बटण का म्हणालास?"

"चल आता," एव्हारिस्तो म्हणाले, "त्या गोगलगायी धुवायच्या आहेत. मीठ, व्हिनेगर, किती वेळा पाणी, मला काही येत नाही त्यातलं."

ओत्ताव्हिओंनी नाणं वेदीच्या कठड्यावर ठेवलं. काठी डाव्या हातात घेतली, गुडघे जमतील तेवढे सरळ केले, आणि आमच्या सगळ्या इमारतीसमोर, भाजीवालीसमोर, फादरांसमोर त्या काशाच्या तुकड्याला कडक सलाम ठोकला. कुणी हसलं नाही. म्हणजे, सोरा देल्फिना हसल्या, पण त्या नेहमीच हसतात.

संध्याकाळी चौकात टेबलं लागली. टोमॅटो, पुदिना, खारवलेली मासोळी, आणि पळून परत आलेल्या गोगलगायी. थोड्या कमीच भरल्या. टपालपेटीवरची एक मी सोडून दिली होती, हे कुणाला सांगितलं नाही. दोघं शेजारी बसले. पहिला घास एकमेकांकडे न बघता. दुसरा बघून. तिसऱ्याला सगळं टेबल थांबलं.

"मीठ कमी आहे," ओत्ताव्हिओ म्हणाले.

त्या रात्री सगळी इमारत गाढ झोपली.

सणाच्या दिवशी उजाडलं, दोन खिडक्या उघडल्या.

"ए एव्हारी! एक गोष्ट राहिली सांगायची. त्या नाण्यानं उजेड विकत घेतला नाही. ते अडकलं! तिथे बटणही अडकलं असतं!"

"अडकलं असतं? मग तुझ्या सदऱ्याचं तोड आणि टाकून बघ!"

"बघतोच!"

आणि खरंच, सकाळच्या मिस्सेआधी ओत्ताव्हिओंनी सदऱ्याचं बटण तोडून पेटीत टाकलं. ते सरळ खाली पडलं. दिवा लागला नाही. तर म्हणे, बटण पातळ होतं, कोटाचं हवं होतं. आणि सलाम? सलाम त्यांनी सान जोव्हान्नींना ठोकला होता, नाण्याला नव्हे, ज्याला डोळे आहेत त्यानं बघितलं असेल कुठल्या बाजूनं ठेवलं होतं ते.

मी खाली उतरत होते. जिन्यात सोरा आर्जेंतिना भेटल्या. सणाचा काळा पोशाख, केस विंचरलेले. एक हात कठड्यावर, आणि दुसरा पुन्हा कमरेवर. चौकातून दोन्हीकडचे भोंगे चालूच होते.

त्या क्षणभर थांबल्या, ऐकलं. मग मागे वळून, उघड्या दारातून नवऱ्याला गोड आवाजात हाक मारली.

"ए एव्हारी, ते नाणं कुठे ठेवलंयस रे?"